तोंडवळीचं आकाशदर्शन : मधल्या तासासाठी नक्की जा

मालवणजवळ तोंडवळीच्या किनाऱ्याला लागून एक घरगुती निवास आहे. हिवाळ्यात अमावस्येच्या आसपासच्या शनिवारी तिथे आकाशदर्शन असतं. माणशी ६०० रुपये, रात्रीचं जेवण धरून. तारे छानच दिसतात, पण माझे पैसे वसूल झाले ते मधल्या तासात. यजमान निवृत्त विज्ञान शिक्षक आहेत आणि त्या तासात ते एक्स-रे दुर्बिणींच्या आरशांबद्दल बोलतात. कणकवलीत आमचं चष्म्याचं दुकान आहे. लेन्स घासणं, बसवणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे मी जरा पारखूनच ऐकत होते.

आठ इंची दुर्बिणीतून वृषभ राशीतला क्रॅब तेजोमेघ म्हणजे नुसता धुरकट डाग. मग सरांनी त्याच जागेचं 'चंद्रा' दुर्बिणीने एक्स-रेमध्ये टिपलेलं चित्र लावलं. मधोमध सेकंदाला तीस वेळा फिरणारा तारा आणि भोवती झगझगीत कडी! हे किरण हवेतच शोषले जातात, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते आणि तिथे किलोकिलोचा हिशोब येतो.

एक्स-रे आरशावर समोरून पडले तर आत शिरतात. पृष्ठभागाला घासून जाण्याइतके तिरके आले तरच परावर्तित होतात. हे पटवायला सरांनी ओटीवरच्या खरबरीत कडाप्प्यापलीकडे दिवा ठेवला. उभं राहून बघितलं तर दगडात काहीच दिसेना. गाल फरशीला टेकवला आणि त्याच दगडात दिव्याचं लख्ख प्रतिबिंब! माझा भाचा तिथून उठायलाच तयार नव्हता.

म्हणून हे आरसे जवळजवळ नळीसारखे असतात. एक नळी किरणांचं बारीकसं कडंच पकडते, म्हणून एकात एक अशा बऱ्याच बसवायच्या. हान्स वोल्टर यांनी १९५२ मध्ये ही रचना मांडली. १९९९ च्या 'चंद्रा'त जाड काचेच्या अशा नळ्यांच्या चारच जोड्या आहेत. वजन टनाच्या आसपास, पण नजर अर्ध्या आर्कसेकंदाची, म्हणजे एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातल्या अर्ध्या भागाएवढी. २०१२ च्या 'नूस्टार' या एक्स-रे दुर्बिणीत ०.२ मिलिमीटर काचेची अशी १३३ नळीसारखी कवचं एकात एक बसवली. वजन उतरलं, पण नजर तेवढी तीक्ष्ण राहिली नाही.

असं का, हे मला न सांगताच कळलं. पातळ लेन्स घट्ट फ्रेममध्ये दाबून बसवली की तिच्यावर ताण येतो आणि गिऱ्हाईक "ताई, कडेला वाकडं दिसतंय" म्हणत परत येतं. मी सरांना विचारलं, आरसा मुळातच ताण नसलेला करता येत नाही का? त्यांचा चेहराच खुलला. नासाच्या गोडार्ड केंद्रात नेमकं तेच चाललंय म्हणाले. एकसंध स्फटिकाच्या सिलिकॉनमध्ये अंतर्गत ताण जवळजवळ नसतो. त्यामुळे जाड ठोकळ्याला आधी आकार द्यायचा, मग त्यातून पातळ आरसा कापून काढायचा, तरी तो पिळवटत नाही. हे उत्तर ऐकायला मी पुन्हा ६०० रुपये देईन.

शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली शेवंड मासळीच्या डोळ्याचं वरचं पातळ कवच दाखवलं. माशीच्या डोळ्यासारखे षटकोन नाहीत, वहीच्या पानासारखे चौकोन. या चौकोनी नळ्यांच्या भिंतींवरून उजेड परावर्तित होऊन एका जागी जमतो. त्याच धर्तीवर, चाळीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चौकोनी भोकांच्या काचपट्ट्या घेऊन चीनची 'आइन्स्टाइन प्रोब' ही एक्स-रे दुर्बीण जानेवारी २०२४ मध्ये अवकाशात गेली. ती एका वेळी ३६०० चौरस अंश आकाश बघते. आयुष्यभर शेवंड खाल्ली, तिच्या डोळ्यात कधी डोकावले नव्हते.

जेवण उत्तम. सुरमई ताजी, सोलकढी घट्ट. वहिनी "आणखी भात घेतलास ना?" विचारत पंगतीतून फिरत होत्या. शेवटचा रस्ता मात्र खडबडीत आहे आणि पाटी अंधारात दिसत नाही, तेव्हा उजेडात पोचा. टीव्ही लहान आहे, मागे बसलेल्यांना आकृत्या वाचता येत नाहीत. खरी तक्रार एकच. आपल्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट' या खगोल उपग्रहावरची सॉफ्ट (म्हणजे कमी ऊर्जेच्या) एक्स-रेची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) घडली, सोन्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची. २०१५ मध्ये ती अवकाशात गेली. तिच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं आली. तिला निदान अर्धा तास द्या, असं मी सरांना सांगून आले आहे. तुम्ही गेलात तर तुम्हीही सांगा.