14 महिने, 5,200 किलोमीटर आणि सीटखालची ती कटकट

हा माझ्या हायब्रीड (रोड आणि माउंटन बाइकच्या मधल्या) सायकलचा अनुभव. गिअर किती, ब्रेक कोणते हे अशी सायकल शोधणाऱ्यांना पाठ असतं, ते पुन्हा लिहीत नाही. लिहायचंय ते एका आवाजाबद्दल. त्यात माझे 1,850 रुपये गेले आणि ते मला अजून टोचतात.

मी बँकेत आहे. पावणेदहाला शाखेत हजर व्हायचं, सुटायची वेळ आपल्या हातात नाही, मार्चमध्ये तर विचारूच नका. म्हणून सायकल पहाटेच. सव्वापाचला सिंहगड रोडवरून निघायचं, खडकवासल्याचं पाणी बघून सातच्या आत घरी, मग डबे. आठवड्यातून चार दिवस मिळणारी ही वेळ मी कुणालाही देत नाही.

जुलैत या वेळेतच पायाखाली 'कट्' वाजायला लागलं. पॅडलच्या प्रत्येक फेरीला एकदा. धरणाच्या अलीकडे रस्ता शांत असतो, तिथे दुसरं काही ऐकूच येईना.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी हातानं क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, हलवून बघितला आणि 'बॉटम ब्रॅकेट गेलं' म्हणाले, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग. बदललं. अकरा दिवसांनी आवाज परत. पुन्हा गेले तर 'आता क्रँकसेटच बदला, 3,200 होतील.' म्हणजे दोन्ही दांडे आणि पुढची दातेरी चक्रं. काढलेला जुना पार्ट दाखवा म्हटलं, तर तो टाकून दिला होता. पैसे माझे, पार्ट माझा, मग न विचारता टाकला कसा? त्या दिवशी मी हे लिहायला बसले असते, तर ही सायकल घेऊच नका असंच लिहिलं असतं.

मत बदललं ते पेठेतल्या एका जुन्या दुकानात. तिथल्या काकांनी पाना हातात घेण्याआधी विचारलं, "ताई, उभं राहून पॅडल मारलं तरी वाजतं का?" मी हे कधी करूनच बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चढावर उभी राहिले: आवाज बंद. बसले: कट्. म्हणजे दुखणं पॅडलपाशी नव्हतंच, सीटपोस्टमध्ये, म्हणजे सीटच्या खालच्या दांड्यात होतं. फ्रेमची नळी पोकळ असल्यामुळे वरचा आवाज खालून आल्यासारखा वाटतो.

काकांनी सीटपोस्ट उपसला. आत ग्रीसचा थेंब नाही, सगळा चिखल. फ्रेमच्या नळीला वर जी चीर असते ती मागच्या चाकाकडे तोंड करून आहे, आणि मडगार्ड नाही, त्यामुळे चाकानं उडवलेलं पाणी थेट आत. पुसून ग्रीसचा पातळ हात दिला, उंचीची खूण करून क्लॅम्प आवळला आणि जुन्या ट्यूबचा चार बोटं तुकडा त्या सांध्यावर मोज्यासारखा चढवला. 60 रुपये. अख्खा श्रावण-भाद्रपद एकदाही वाजलं नाही. (कार्बनचा पोस्ट असेल तर साधं ग्रीस लावू नका, त्याची पेस्ट वेगळी मिळते.)

तेव्हा सायकल वाईट नाही. पण जोडताना बोटभर ग्रीस लावायचं राहतं आणि पावसाळी शहरात मडगार्डाशिवाय विकतात, याचा राग आहे तो आहेच.

बाकी 35 मिमीचे टायर उत्तम, दोनच पंक्चर. सीट पहिला महिना छळते, मग जमतं. सिंहगडाला गोळेवाडीपासूनचा घाट पुढे 28, मागे 28 दातांच्या गिअरवर न उतरता चढले, त्याचा आनंद आठवडाभर पुरला. उतरताना मात्र ब्रेकचे पॅड झिजतात, माझे 3,800 किलोमीटरला संपले.

चेनची झीज मोजायला गेजही घेतलं नाही, घरातली फूटपट्टी पुरते. नव्या चेनच्या 12 पूर्ण कड्या, म्हणजे 24 पिना, बरोबर 12 इंच भरतात. 1/16 इंच वाढली की बदलायची, 1/8 पर्यंत थांबलात तर मागची दातेरी चक्रंही जातात. माझी या रविवारी 1/16 ला टेकली. नवी चेन आणून ठेवली आहे, ती मी घरीच टाकणार आहे.