टिळकवाडीतल्या चौघांचा फिग्मा

बेळगावच्या टिळकवाडीत एका जुन्या घराच्या माडीवर आमचा चार जणांचा डिझाइन स्टुडिओ आहे. दोघे मराठी भाषिक, एक सहकारी गोकाकची, घरी कन्नड बोलणारी, आणि चौथा खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावी राहूनच काम करणारा. बेळगावात डिझाइन म्हटले की अजूनही कोरलड्रॉ हे छपाईच्या मांडणीचे सॉफ्टवेअर आणि छापखाना हेच लोकांच्या डोळ्यांसमोर येते. आमचीही सुरुवात लग्नपत्रिका आणि गणेशोत्सव मंडळांच्या अहवालांपासूनच झाली. गेल्या दोन वर्षांत मात्र मोबाइल अ‍ॅपच्या पडद्यांचे काम वाढले आणि ते आम्ही जवळजवळ सगळे फिग्मावर करतो.

डिलन फील्ड आणि इव्हान वॉलेस यांनी 2012 मध्ये सुरू केलेले आणि 2016 मध्ये सर्वांसाठी खुले झालेले हे डिझाइनचे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालते. फाइल एकाच जागी असते, ती सर्वांना एकाच वेळी उघडता येते आणि प्रत्येकाचा कर्सर त्याच्या नावासह पडद्यावर फिरताना दिसतो. 2022 मध्ये फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीने ही कंपनी वीस अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले आणि युरोप व ब्रिटनमधल्या नियामकांच्या आक्षेपांमुळे डिसेंबर 2023 मध्ये तो व्यवहार सोडून दिला. त्या सव्वा वर्षात आमच्यासारख्या छोट्या स्टुडिओंनी या बातम्या उसाच्या दरासारख्या वाचल्या, हे कबूल करायला हरकत नाही.

फिग्माचा खरा उपयोग आम्हाला कळला तो एका पतसंस्थेच्या अ‍ॅपच्या वेळी. सभासद मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांचे, त्यामुळे प्रत्येक पडदा दोनदा बनवावा लागणार होता. इंग्रजीत ‘सबमिट’ या एका शब्दाभोवती आखलेले बटण ‘सादर करा’ लिहिताच अपुरे पडते, आणि ‘पासवर्ड विसरलात?’ बसवून झाल्यावर कन्नडमधले ‘पासवर्ड मरेतिद्दीरा?’ पुन्हा कडेला जाऊन टेकते. फिग्मातल्या ऑटो लेआउटमुळे मजकुराबरोबर बटण आपोआप ताणले जाते आणि त्याच्या शेजारच्या गोष्टीही शिस्तीत सरकतात, म्हणून दोन भाषांचे पडदे शेजारी ठेवून एकाच घटकावरून काढता आले. ओळींमधल्या अंतराचा प्रश्न मात्र हातानेच सोडवावा लागला. इंग्रजीला पुरणारे अंतर ठेवले की मराठीतल्या वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो, आणि कन्नडमध्ये मूळ अक्षराच्या खाली लोंबणारी जोडाक्षरे तर थेट पुढच्या ओळीतच उतरतात. शीर्षकांसाठी आम्ही ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या ‘बलू’ या कुटुंबातले देवनागरी आणि कन्नड फॉन्ट घेतले. दोन्ही लिपींचे वजन, म्हणजे रेघांची जाडी, त्यात इतके जुळते की कोणती भाषा मूळची आणि कोणती नंतर चिकटवलेली, असा भेद दिसत नाही. पतसंस्थेला ते जरा गुबगुबीत वाटेल अशी मला भीती होती, पण संचालकांना तेच आवडले.

याच कामात टिप्पणीची सोय सर्वांत मोलाची ठरली. आमच्या गोकाकच्या सहकारिणीने मुदत ठेवीसाठी ‘निश्चित ठेवणी’ असे पुस्तकी कन्नड लिहिले होते. संस्थेच्या वयस्कर हिशेबनिसांना आम्ही फाइल फक्त पाहण्यासाठी दिली होती. पाहणाऱ्याला पैसे पडत नाहीत आणि टिप्पणीही करता येते. त्यांनी नेमक्या त्या शब्दावर खूण टाकून लिहिले, “अक्का, आमचे हुक्केरीकडचे सभासद मुद्दती ठेवणी म्हणतात.” शब्द तिथेच बदलला. मराठीतली ठेव कन्नडमध्ये ठेवणी होऊन कधीची नांदते आहे, खाते तर दोन्हीकडे खातेच आहे, आणि हा सगळा शेजार एका बटणावरच्या चार ओळींच्या चर्चेत समोर आला. व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवून त्यावर लाल गोल काढण्याच्या आमच्या जुन्या पद्धतीत ही चर्चा फोनवर झाली असती आणि संध्याकाळपर्यंत विसरलीही गेली असती.

एक अडचण मात्र सॉफ्टवेअरच्या मूळ स्वभावातच आहे. आपण अर्धवट विचार करत असताना दुसऱ्याचा कर्सर शेजारी येऊन थांबला की हात आखडतो. आमचा खानापूरचा सहकारी, जो कागदावर सर्वांत धीट रेघा मारतो, तो फिग्मात पहिल्या मिनिटापासून चौकटी सरळ करत बसू लागला, कारण सगळे पाहत आहेत हे त्याला दिसत होते. आता पहिले दोन दिवस प्रत्येकाने वहीत किंवा स्वतःच्या वेगळ्या फाइलमध्ये काम करायचे आणि तिसऱ्या दिवशी ते सामाईक फाइलमध्ये आणायचे, असे आम्ही ठरवले आहे. ग्राहकाला तर पहिला आठवडा दुवाच देत नाही.

पावसाळ्यात खानापूर भागात नेटवर्क जाते तेव्हा उघडलेल्या फाइलमध्ये काम चालू राहते आणि जोडणी आल्यावर बदल जुळतात. आधी न उघडलेली फाइल मात्र उघडत नाही, म्हणून आमचा तिथला सहकारी सकाळीच सगळ्या फाइली उघडून ठेवतो. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मराठी मजकूर आणून चिकटवला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे मजकूर आधी युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात आणावाच लागतो.

छपाईसाठी हे साधन घेऊ नये. फिग्मातले रंग पडद्याचे, म्हणजे आरजीबी असतात, छापखान्याला लागतात चार शाईंचे. एका मंडळाच्या फलकाचा भगवा आम्ही उत्साहाने फिग्मातच ठरवला आणि छापून आला तो विटकरी. चूक सर्वस्वी आमची होती, फलक पुन्हा छापून दिला. ज्यांचे बहुतांश काम पत्रिका आणि फलकांचे आहे त्यांनी कोरलवरच राहावे. दोन भाषांत पडदे करणाऱ्या तीन-चार जणांच्या गटाने मात्र फिग्मा आधी फुकट योजनेवर वापरून पाहावे. आम्ही यंदा दोघांपुरते फिग्माचे सशुल्क परवाने पुढे चालू ठेवले आहेत, आणि कोपऱ्यातला जुना कोरलचा संगणकही काढलेला नाही. भगवा अजून त्याच्याशेजारी लटकवलेल्या शेडकार्डावरूनच ठरतो.