९० डॉलरचा सेकंडहँड क्लाइंबर: एका सीझननंतर

हरणाच्या शिकारीसाठी झाडावर बसायचा ट्री स्टँड मी ९० डॉलरला घेतला, पण तो झाडावर चढवण्याच्या लायकीचा होईपर्यंत मला २७५ डॉलरला पडला. नव्या केबलच्या जोडीचे शिपिंगसकट ५८, अंगात घालायच्या सुरक्षा-पट्ट्यांचे, म्हणजे नव्या हार्नेसचे ९५, आणि झाडाच्या बुंध्यापासून वरपर्यंत बांधायच्या दोराचे, म्हणजे लाइफलाइनचे ३२. याच धर्तीचा, म्हणजे आपल्याबरोबर खोडावर सरकवत न्यायचा, कोरा क्लाइंबर साडेतीनशे-चारशेला मिळतो आणि त्यासोबत हार्नेस येतोच. म्हणजे वाचले किती, तर शंभरेक डॉलर. वाचले हे खरं आहे, आणि मला त्याचा आनंदही आहे, पण "नव्वदला मिळाला" असं आता कुणी सांगितलं की मी आधी केबल कधीची आहे ते विचारतो.

बाकी स्टँड तुम्हाला माहीत असेलच. अॅल्युमिनियमचा, सीट आणि प्लॅटफॉर्म असे दोन भाग, रबर चढवलेल्या केबलने खोडाला आवळायचा, वजन वीस पौंडांच्या आतबाहेर, ८ ते २० इंच व्यासाच्या खोडासाठी, रेटिंग ३०० पौंड. या ३०० पौंडांत तुमचे थंडीचे कपडे, बूट, धनुष्य, बॅग आणि थर्मास सगळं आलं. एकदा सगळा जामानिमा करून वजनकाट्यावर उभे राहा, मग पोटावर हात फिरवून ठरवा.

मी पेन्सिल्व्हेनियात राहतो आणि स्टेट गेम लँड्सवर, म्हणजे राज्याच्या मालकीच्या शिकारीच्या जमिनींवर, शिकार करतो. १९२० साली पहिली जागा घेतल्यापासून जोडत जोडत राज्याने या जमिनी १५ लाख एकरांवर नेल्या आहेत, आणि तिथे पाय ठेवायला कुणा शेतकऱ्याच्या दारात उभं राहावं लागत नाही. लायसन्स २०.९७ डॉलरचं, तिरंदाजीचे पैसे वेगळे, आणि पहिल्यांदाच लायसन्स काढणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा. अडचण होती ती वाराची. इथे रविवारी हरणाची शिकार कित्येक वर्षं बंद होती. २०२० पासून वर्षाला शिकारीचे तीन रविवार मिळाले, आणि २०२५ च्या कायद्याने ती बंदीच उठली. त्या सीझनला सप्टेंबर ते डिसेंबर असे तेरा रविवार खुले झाले. शनिवार मुलांच्या क्लासेसमध्ये जातो, त्यामुळे रविवार उघडला तेव्हाच मी स्टँड घ्यायचं मनावर घेतलं. (व्हिसाचं कुणी विचारेलच म्हणून: मी फक्त धनुष्य वापरतो. बंदुकीसाठी एच-वन-बीवाल्यांना फेडरल कायद्याचे वेगळे नियम आहेत, ते आधी नीट वाचा.)

क्लाइंबरच का? गेम लँड्सवर झाडाला खिळे, स्क्रू ठोकता येत नाहीत. शिडीचा स्टँड लावून ठेवायचा तर त्यावर टॅग हवा, मुदतीत काढायला हवा, आणि पहाटे जाऊन बघावं तर शेजारच्याच झाडाखाली दुसरं कुणीतरी बसलेलं. क्लाइंबर पाठीवर न्यायचा, पाठीवर आणायचा. उभं राहून सीट वर सरकवायची, तिच्यावर बसून पायांनी प्लॅटफॉर्म ओढून घ्यायचा, परत उभं राहायचं. आमच्या वेंगुर्ल्यात पाडेली पायात दोरीचा फास अडकवून माडावर चढतो, त्यातलाच हा प्रकार, फक्त पाडेली दोन मिनिटांत शेंड्याला असतो आणि मी दहा मिनिटांत पंधरा फुटांवर घामाघूम.

ज्यांच्याकडून घेतला ते आजोबा सज्जन. गुडघे बदलल्यामुळे विकत होते. फ्रेम चोख होती. वेल्डवर भेगा नाहीत, नळ्या कुठे चेपलेल्या नाहीत, दोन्ही भागांना जोडणारा दोर जागेवर. हा दोर शोभेचा नसतो. पायाखालचा प्लॅटफॉर्म सटकून खाली गेला तर तुम्ही सीटला लटकलेले राहता आणि उतरायचं साधन जमिनीवर पडलेलं असतं. दोर बांधलेला असला तर प्लॅटफॉर्म परत ओढून घेता येतो. केबलचं रबर मात्र टोकाजवळ तडकलेलं, आत गंजाचा तपकिरी डाग. सोबत फुकट दिलेल्या हार्नेसवर उत्पादनाची तारीख २०११. हार्नेस साधारण पाच वर्षांत बाद धरतात, आणि एकदा जरी त्यात कुणी पडलेलं असेल तरी बाद. आजोबा म्हणाले, कधी पडलो नाही, हवं तर अजून दहा वर्षं वापर. मी तो घरी आणून पट्टे कात्रीने कापले आणि मगच कचऱ्यात टाकला, नाहीतर कुणीतरी उचलून नेलाच असता.

केबलसाठी कंपनीला फोन केला. सिरियल नंबर मागितला. स्टिकर उन्हापावसाने पांढरं पडलेलं, त्यावर वाचण्यासारखं काही नाही. मग पावती मागितली. सेकंडहँड आहे म्हटल्यावर बाईंचा सूरच बदलला, वॉरंटी पहिल्या मालकालाच असते म्हणे. अहो, वॉरंटी मागतंय कोण, मी पैसे मोजून केबल मागतोय! तीन माणसांकडून फिरून शेवटी फोटो पाठवा म्हणाले. फोटो पाठवले, आठवडाभर शुकशुकाट. पुन्हा फोन केला तेव्हा एका तरुण मुलाने नळीचा व्यास विचारला, दोन मिनिटांत पार्ट नंबर सांगितला आणि ऑर्डर घेतली. हे पहिल्याच दिवशी होऊ शकलं असतं. कंपनीला दोन तारे, त्या मुलाला पाच.

आता खणखणाटाकडे येतो, कारण खरं तर त्याचसाठी लिहायला बसलोय.

पोकळ अॅल्युमिनियमची नळी दुसऱ्या नळीला लागली की जो आवाज होतो तो जंगलात कशातच खपत नाही. पानांचा नाही, खारीचा नाही, फांदीचा नाही. ऑक्टोबरातल्या एका पहाटे अंधारात गाडीपासून झाडापर्यंत चालत गेलो तो पाठीवरचे दोन्ही भाग एकमेकांवर आपटत होते, आणि दरीच्या पलीकडून हरणाच्या एका मादीने फुत्कार टाकला. एकदा नाही, लागोपाठ. पांढरी शेपटी वर करून ती गेली आणि तिच्याबरोबर त्या टेकाडावरचं सगळं गेलं. ऊन वर येईपर्यंत मी खारी मोजत बसलो.

त्यानंतर मी गराजमध्ये स्टँड टांगून चमच्याने एकेक नळी वाजवून पाहिली. कुठे टण्ण, कुठे थड, कुठे आतून खुळखुळ. बायकोने दार उघडून विचारलं, "काय हो, भांडी घासताय का इथे?" खुळखुळ होती ती केबलच्या टोकाची. केबल नळीत शिरते तिथे बारीकशी मोकळीक असते आणि टोक आत हलतं. तिथे फोमचा तुकडा कोंबला. दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात तिथे मुलाच्या जुन्या सायकलची ट्यूब कापून चढवली. सीटच्या दांड्यांना हॉकीची टेप गुंडाळली. पायाच्या पट्ट्यांची बकलं खुर्चीखाली लावतात त्या फेल्टच्या चकत्यांनी गप्प केली. याच कामासाठी आवाज मारणाऱ्या खास चिकटपट्ट्या वीस-पंचवीस डॉलरला मिळतात. माझं सगळं मिळून चार डॉलरच्या आत झालं, आणि सायकलची ट्यूब त्या पट्ट्यांपेक्षा सरस आहे असं माझं ठाम मत आहे.

थंडी वाढली तशी ट्यूब कडक झाली आणि एक बारीक टिक्क आवाज परत सुरू झाला. वळलो की टिक्क. धनुष्याला हात घातला की टिक्क. नोव्हेंबरभर मी या स्टँडला शिव्या घातल्या. एवढंच लिहून थांबलो असतो तर तीनच तारे दिले असते.

पण नाताळानंतरच्या तिरंदाजीच्या सीझनमध्ये, बर्फावर, जंगल इतकं निःशब्द होतं की आवाज कुठून येतो ते नेमकं कळलं. तो स्टँडचा नव्हताच. नव्या कोऱ्या हार्नेसच्या कॅराबिनरचा, म्हणजे दोरात अडकवायच्या धातूच्या कडीचा होता, माझ्या मानेमागे, वळलं की आपल्याच बकलवर वाजणारा. म्हणजे नव्वद डॉलरच्या जुन्या मालाने गुमान काम केलं आणि पंच्याण्णव डॉलरचा नवा माल महिनाभर टिकटिकत राहिला. कॅराबिनरलाही ट्यूब चढवली, विषय संपला. स्टँडला साडेचार तारे.

दुसरीही एक गोष्ट कळली. चढताना केबल सालीवर घासते तो खरखर आवाज हरणांना फारसा खुपत नाही. खारी दिवसभर तसलाच आवाज करत असतात. मी चढत असताना हरणाची दोन पिल्लं खालून ओकची फळं चघळत निघून गेली, वर बघितलंसुद्धा नाही. धातू वाजला की मात्र मान वर झालीच समजा. तेव्हा चढताना घाई न करता खरखरू द्या, पण टण्ण होऊ देऊ नका.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी कोनाकडे लक्ष द्या. खोड वर निमुळतं होत जातं, त्यामुळे जमिनीवर प्लॅटफॉर्म सपाट लावला तर वर गेल्यावर तो पुढे झुकतो आणि दिवसभर पायाच्या बोटांवर उभं राहिल्यासारखं होतं. खाली असतानाच पुढची कड वर उचललेली ठेवायची, म्हणजे वर पोचेपर्यंत बरोबर येतो. किती उचलायची ते झाडागणिक वेगळं. घरामागच्या झाडावर दोन फुटांवर चढउतर करत हे शिकून घ्या, आणि तेही हार्नेस घालून.

झाड निवडणं हेच अर्धं काम. ट्यूलिप पॉपलर मिळाला तर डोळे झाकून तोच निवडा, सरळसोट, वरपर्यंत फांदी नाही. चेस्टनट ओकची साल खोल चिरांची, केबल घट्ट बसते, शिवाय खाली फळं पडतात ती हरणं खातात. शॅगबार्क हिकरी नको, तिची साल फळ्यांसारखी सुटून येते. बीचची साल गुळगुळीत, दहिवर पडल्यावर घसरते. आणि ॲश तर अजिबात नको. एमराल्ड ॲश बोरर हा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, २००७ मध्ये पेन्सिल्व्हेनियात, आणि आता इथले ॲश उभ्याउभ्याच वाळले आहेत. पानं झडल्यावर बाहेरून ठणठणीत दिसतात. सालीवर इंग्रजी डी आकाराची बारीक भोकं दिसली किंवा सुतारपक्ष्यांनी साल सोलून पिवळट केलेली दिसली की पुढच्या झाडाकडे चला.

लाइफलाइनचे ३२ डॉलर मला सगळ्यात जास्त जिवावर आले होते. दोराला गाठ मारलेली असते, तिला हार्नेस अडकवायचा आणि चढताना ती आपल्याबरोबर वर सरकवत न्यायची. पडलात तर ती गाठ आवळते. नुसता हार्नेस घालून वर गेल्यावर झाडाला पट्टा बांधणारे पुष्कळ आहेत, पण मग चढताना आणि उतरताना तुम्ही कशालाच बांधलेले नसता, आणि संध्याकाळी अंधारात, गारठलेल्या हातांनी उतरताना तर केबल नीट बसली की नाही हे अंदाजानेच कळतं. धनुष्य मात्र दोरीने मागाहून वर ओढायचं, हातात धरून चढायचं नाही. लटकायची वेळ आलीच तर पाय अडकवायला पट्ट्याचा एक फास खिशात ठेवा. हार्नेसमध्ये नुसतं लोंबकळत राहणंही जिवावर बेतू शकतं.

एक मादी मिळाली, सतरा यार्डांवरून. मांसात चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे नुसता खिमा कोरडा होतो. पाव भाग बोकडाचा खिमा मिसळला आणि मालवणी मसाला जरा हात सैल सोडून घातला. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "कसलं काय खाता रे तिकडे," आणि पुढच्या मिनिटाला रेसिपी विचारली.

आता एकच काम उरलंय. सीटच्या दांड्यांवरचा फोम उंदरांनी कुरतडलाय. कंपनीकडे फोमच्या दोन नळ्या २४ डॉलर अधिक शिपिंग. मे महिन्यात डॉलर स्टोअरमध्ये पोहायचे नूडल येतात, सव्वा डॉलरला एक. तपकिरी रंगात मिळत नाहीत, पण टेप शिल्लक आहे.