बॅटरी उतरत होती, मेली नव्हती : ९,६५० रुपयांचा चुना

आकडे आधीच देतो, म्हणजे हसायचं ते हसून घ्या. बॅटरी ४,३५० (जुनीचे ७०० वळते करून). डायनामोचं (गाडी चालू असताना बॅटरी भरणाऱ्या ऑल्टरनेटरचं) काम ३,२००. ‘वायरिंग चेकिंग’ १,५००. घरी येऊन जंपर (दुसऱ्या बॅटरीवरून करंट देणाऱ्या वायरी) लावायचे ३००, तेही दोनदा. एकूण ९,६५०. आणि मूळ दोष काय, तर म्युझिक सिस्टीमची एक वायर चुकीच्या जागी जोडलेली. ती हलवायला वीस मिनिटं लागली आणि एक पैसा लागला नाही. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला, मल्टिमीटर कपाटात पडून होता. लाज त्याची जास्त वाटते.

गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे तिच्यात किती चार्ज मावतो ते), तीन वर्षांची. रोज फिरवली की एका सेल्फमध्ये सुरू. शुक्रवारी संध्याकाळी लावली आणि सोमवारी सकाळी चावी फिरवली, की नुसतं टक-टक. खरं तर एवढ्यावरच निदान व्हायला हवं होतं. बॅटरीच संपत आली असेल तर ती रोज सकाळी कुरकुरते. डायनामो चार्ज करत नसेल तर गाडी चालवूनही बॅटरी भरत नाही आणि बहुतेक वेळा डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागतो. पण फक्त दोन-तीन दिवस उभी राहिल्यावरच उतरते, याचा अर्थ गाडी बंद असताना कुणीतरी करंट पितंय. हे बॅटरीच्या दुकानदारालाही माहीत असतं. मुद्दा हाच आहे की त्याला माहीत असतं.

आता तो क्षण, जो अजून डोक्यातून जात नाही. त्याने हातातला छोटा डिजिटल टेस्टर टर्मिनलला लावला, बटणं दाबली आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली : ‘बॅटरी बदला’. मशीन सांगतंय म्हटल्यावर माणूस गप्प बसतो. पण त्याने सीसीए (थंडीत सेल्फ मारताना बॅटरी किती करंट देऊ शकते तो आकडा) किती टाकला, हे मी बघितलं होतं. होय, बघितलं होतं! ५५०. माझ्या बॅटरीच्या लेबलवर ३००च्याही आतला आकडा होता. हा टेस्टर तुम्ही टाकलेल्या आकड्याशी तुलना करून निकाल देतो. लहान बॅटरीला मोठ्या बॅटरीचा आकडा टाकला की धडधाकट बॅटरीही नापास होते. त्यात ती तीन दिवस उतरून रिकामी झालेली, नुकती जंपरवर गाडी सुरू करून नेलेली. रिकाम्या बॅटरीची टेस्ट घेणं म्हणजे उपाशी माणसाला पळायला लावून ‘हृदय गेलं’ म्हणण्यासारखं. आधी पूर्ण चार्ज, मग काही तास विश्रांती, मग टेस्ट. ३५ एएचची बॅटरी साडेतीन अँपिअरच्या चार्जरवर भरायला साधारण बारा तास लागतात. म्हणजे एक रात्र. ती रात्र थांबलो असतो तर हे लिहावं लागलं नसतं. सोमवारची सकाळ, ऑफिसची घाई, मागे हॉर्न वाजवणारा रिक्षावाला... सबबी आहेत, मलाही कळतं. पण टेस्टर हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी सकाळी साडेआठला वाद घालून बघा.

घरी तपासायचं तर एवढं पुरे आहे : गाडी रात्रभर उभी राहिल्यावर टर्मिनलवर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली म्हणजे उतरलेली. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६च्या खाली घसरली तर तिच्यावर संशय घ्या, नाहीतर नाही. इंजिन सुरू असताना, एसी आणि हेडलाइट लावून, १३.८ ते १४.५च्या दरम्यान दिसलं तर डायनामोला कुणालाही हात लावू देऊ नका. (काही नव्या गाड्यांत चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त होत राहतं, तिथे एकाच रीडिंगवर निकाल नको.)

माझ्याकडे १४.२ येत होते. तरीही ३,२०० रुपयांना ‘रेक्टिफायर प्लेट, रेग्युलेटर आणि कार्बन’ बदलले. बदलले म्हणे! जुने पार्ट मागितले तर ‘भंगारात गेले’. कामाला हात लावायच्या आधीच सांगायचं, जुना पार्ट माझ्या डिकीत ठेवा. रेक्टिफायरचा डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) गळका झाला तर गाडी बंद असताना बॅटरी उतरते, हे खरंच होतं, म्हणून तर मीही मान डोलावली. पण ते सिद्ध करणं सोपं आहे : बॅटरीची निगेटिव्ह काढायची, डायनामोची जाड वायर सोडवून टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळायची, निगेटिव्ह परत लावून गळती मोजायची. गळती थांबली तर डायनामो, नाही थांबली तर नाही. त्याने असं काहीच केलं नाही.

गळती मोजायची पद्धत नीट वाचा, इथेच मल्टिमीटरचा फ्यूज उडतो. लाल प्रोब १० अँपिअरच्या वेगळ्या छिद्रात. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं निगेटिव्ह केबलच्या क्लॅम्पवर धरून मगच क्लॅम्प उचलायचा, म्हणजे गाडीचे कॉम्प्युटर पुन्हा जागे होत नाहीत. दरवाजाचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवा, नाहीतर आतला दिवा मोजत बसाल. रिमोटची चावी गाडीपासून लांब. मग तीस-चाळीस मिनिटं थांबायचं, कारण नव्या गाड्या झोपायला वेळ घेतात. पहिल्या मिनिटाला दिसणारे दोन-तीन अँपिअर बघून घाबरू नका. मीटर लावलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर नाहीच नाही. शेवटी २० ते ५० मिलिअँपिअर राहिले तर ठीक. त्याहून जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा.

फ्यूज काढायचाही नसेल तर त्याच्या डोक्यावरच्या दोन बारीक धातूच्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य नसेल तर त्यातून करंट जातोय.

माझं रीडिंग ०.४२ अँपिअर. दिवसाला दहा एएच. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ म्हणजे साठ तास, २५ एएच गेले, ३५च्या बॅटरीत उरलं काय? रेडिओचा फ्यूज काढला आणि आकडा ०.०२४वर आला. दोन महिन्यांपूर्वी ॲक्सेसरीजच्या दुकानात नवी सिस्टीम आणि ॲम्प्लिफायर बसवला होता. सिस्टीमची पिवळी वायर कायम सप्लायवर हवी, लाल वायर चावी फिरवल्यावर येणाऱ्या सप्लायवर. त्या दुकानातल्या मुलाने दोन्ही एकत्र पिळून कायम सप्लायवर टाकल्या. त्यामुळे सिस्टीम झोपतच नव्हती आणि निळ्या वायरीवरून ॲम्प्लिफायरलाही जागं ठेवत होती. बाहेरून काही बसवलं असेल (डॅशकॅम, जीपीएस, अलार्म, रिव्हर्स कॅमेरा) तर पहिला संशय तिथेच घ्या. डिकीचा न विझणारा दिवा दुसरा.

‘नव्या’ बॅटरीची गोष्ट वेगळीच. पाच आठवड्यांत तीही बसली. गळतीने उतरली असती तर चार्ज होऊन परत उभी राहिली असती. हिने रात्रभर चार्जिंग घेतलं आणि सकाळी ११.९! मग नीट पाहिलं : शिशाच्या खांबांवर जुन्या क्लॅम्पचे ओरखडे, आणि स्टिकरच्या खाली दुसरं स्टिकर. नव्या बॅटरीचे खांब गुळगुळीत असतात. हे दुकानात दोन सेकंदांत दिसलं असतं. बिलावर सिरियल नंबर नाही, वॉरंटी कार्डावर नुसता शिक्का, आणि पैसे ज्या यूपीआयवर गेले त्यावर दुकानाचं नाव नाही, कुणा माणसाचं. तीन धोक्याच्या खुणा, आणि मी तिन्हींवरून पुढे गेलो.

कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. ‘हा नंबर आमच्याकडे नोंदलेला नाही, दुकानदाराशी बोला.’ दुकानदार म्हणतो कंपनीशी बोला. चौकीत गेलो तर ‘हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा, आणि बिल पक्कं आहे का?’ बनावट स्टिकर लावून माल विकणं दिवाणी कधीपासून झालं? साहेबांनी बॅटरी बघायलाही उठायचे कष्ट घेतले नाहीत, वर विचारलं, ‘शिकलेले दिसता, मग बघून नाही का घेतली?’ हे वाक्य बायकोने म्हटलं तर समजू शकतो. दुसऱ्या एका कार्यालयात सांगितलं की ते फक्त वजन-मापं आणि पाकिटावरची किंमत बघतात. तिसऱ्या ठिकाणी ऑनलाइन तक्रार टाकली. नवव्या दिवशी मेसेज : ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ कुणाचं झालं? फोन नाही, भेट नाही, दुकानात कुणी पाऊल ठेवलं नाही. परत उघडायला गेलो तर बटणच राखाडी.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार भरली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. पण पुरावा लागतो. म्हणून बॅटरी बसवण्याआधीच सिरियल नंबर, खांब आणि तारखेच्या कोडचा फोटो काढा, पक्कं बिल घ्या, वॉरंटीची नोंदणी दुकानातून निघायच्या आत मोबाइलवर स्वतः करून बघा. नंबर नोंदला जात नसेल तर बॅटरी खाली उतरवा.

आणि जुनी बॅटरी सोडू नका. माझी तर चांगली होती, फक्त रिकामी होती. ती ७०० रुपयांत गेली आणि बहुधा वर नवं स्टिकर चढून कुणाच्या तरी गाडीत ‘नवी’ म्हणून बसली असेल. तिच्या मागच्या बाजूला, तळाजवळ, मी खिळ्याने १४-३ कोरलं होतं. पुण्यात अलीकडे कुणी ३५ एएचची घेतली असेल तर एकदा तेवढं बघा.