रात्री गाय आडवी पडली तर फोन कुणाला? फलटण भागातल्या आमच्या डॉक्टरांचा दवाखाना

एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दूध देणाऱ्या विदेशी जातीच्या) गाया पाळणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण डॉक्टर चांगला आहे का एवढंच आपण विचारतो, पण तो रात्री मिळतो का हे कुणी विचारत नाही. हे डॉक्टर परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात (1886 सालचं) शिकलेले, मग सगळी नोकरी पशुसंवर्धन खात्यात, बदली होईल तिकडं, आणि रिटायर झाल्यावर इथंच दवाखाना टाकला. हात एकदम तयार. गाभण तपासून दोन महिन्यांची म्हणाले तर गाय त्याच हिशोबानं विते.

आमची तिसऱ्या वेताची गाय व्याली त्याच रात्री बसली, कान गार, मान वळवून पोटाला लावलेली, म्हणजे मिल्क फीवर, दूध सुटलं की रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं. डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली अंगाच्या तापमानाइतकी कोमट करून घेतली आणि शिरेतून हळूहळू सोडली, एका हातानं स्टेथोस्कोप छातीला लावून, कारण कॅल्शियम भराभर गेलं तर हृदय बंद पडतं, आणि घाईघाईत बाटली सोडून निघून जाणारे लोक मी पाहिलेत. बाटली संपता संपता गाय थरथरली, शेण टाकलं आणि थोड्या वेळानं उभी राहिली. घरातले सगळे गोठ्यातच होते, कुणाला झोप येतीय.

औषधाच्या बाबतीत माणूस कडक आहे. कासदाहाला अँटिबायोटिक दिलं की किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही ते केसपेपरवर लिहून देतात आणि डेअरीवाल्यालाही सांगा म्हणतात. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध मागितलं तर सरळ नाही, ते 2006 पासून जनावरांसाठी बंद आहे, ते दिलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं संपली त्यामुळं. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम देतात. पान्हा सोडायला ऑक्सिटोसिन मागणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवतात.

पण माझ्या मते यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे तालुक्यातल्या डॉक्टरांची संघटना. 2022 ला लम्पी, म्हणजे जनावरांच्या अंगावर गाठी येणारा साथीचा रोग, आला तेव्हा बाजार बंद, गावोगाव त्यावर चालणारी गोट पॉक्सची (शेळ्यांच्या देवीची) लस टोचायची घाई, आणि प्रत्येक डॉक्टर एकटाच पळत होता, एकाच गावात दोघं पोचायचे आणि शेजारच्या वस्तीवर कुणीच नाही. यांनी सगळ्यांना आपल्या दवाखान्यात बसवलं, सरकारीतले, खाजगी, नुकतेच शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून पास होऊन आलेले, आणि गावं वाटून घेतली. साथ ओसरल्यावर ते तसंच सोडलं नाही, संघटनेची घटना म्हणजे नियमावली लिहिली, सात जणांच्या सह्या घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात नोंदणी केली. सदस्य व्हायला राज्य पशुवैद्यक परिषदेचं रजिस्ट्रेशन लागतंच. आता रात्रपाळीचा तक्ता दर महिन्याला डेअरीच्या फळ्यावर लागतो, व्हिजिटचे दर ठरलेले, आणि अवघड वेत असेल, वासरू आडवं असेल तर तरुण डॉक्टर यांना फोन लावून विचारतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. जिथं एकाचा धंदा दुसरा पळवतो असं सगळे समजून चालायचे तिथं हे जमवणं सोपं नव्हतं आणि त्यासाठी डॉक्टरांनी स्वतःच्या प्रॅक्टिसचा वेळ घातलाय.

कमी काय, तर सकाळी कुत्र्या-मांजरांची गर्दी असते आणि गायवाल्याला तासभर थांबावं लागतं, औषधं दवाखान्यात नेहमी नसतात, मेडिकलला पळावं लागतं, आणि लांबच्या वस्तीला पावसाळ्यात गाडी जात नाही तेव्हा डॉक्टरांना आपणच घेऊन यायचं. दर मला योग्य वाटले.

पाचपैकी साडेचार. रात्री फोन करताना गाव, गाय कधी व्याली, कितवं वेत, आणि शेण-लघवी कधी झाली एवढं नीट सांगा, म्हणजे येताना लागणारी बाटली बरोबर घेऊनच येतात.