गोल्फ क्लॅश: काही महिने खेळल्यावर, पैसे भरण्याबद्दल माझं मत

गोल्फ क्लॅश हा मोबाइलवरचा गोल्फचा गेम फुकट उतरवता येतो आणि फुकट खेळताही येतो. पण तिसऱ्या-चौथ्या टूरपर्यंत (टूर म्हणजे वाढत्या फीच्या पातळ्या) पोचलं की जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एकच विचार घोळायला लागतो: समोरच्याकडे आपल्यापेक्षा भारी क्लब (बॉल मारायच्या काठ्या) आहेत, आपणही थोडे पैसे टाकावेत का? आमच्या क्लॅनमध्ये, म्हणजे गेममधल्या खेळाडूंच्या गटात, नवीन आलेला प्रत्येक जण आठवड्याभरात हेच विचारतो. मी बरेच महिने हा खेळ नियमित खेळतोय. त्यातला पहिला मोठा काळ एक रुपयाही न भरता गेला आणि नंतर ठरवून थोडे पैसे भरले. दोन्ही बाजूंनी खेळ पाहिलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांनी अजून खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन खेळाडू, एक होल. दोघांनी सुरुवातीला नाणी लावायची, कमी फटक्यांत बॉल होलमध्ये घालणारा ती घेऊन जातो. बरोबरी झाली तर शूटआउट, ज्याचा बॉल झेंड्याजवळ तो जिंकला. बॉल बोटाने मागे ओढायचा, डावी-उजवीकडे झुलणारा काटा मध्यावर आला की बोट उचलायचं. तीन-चार मिनिटांत निकाल लागतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या विल्म्सलो गावातल्या प्लेडेमिक या कंपनीने तो बनवला आणि 2017 साली आणला. 2018 मध्ये त्याला सर्वोत्तम मोबाइल गेमचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. माझ्या मते तो योग्य होता, कारण एका बोटाने खेळायच्या खेळात इतकी खोली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचा खऱ्या गोल्फशी संबंध टीव्हीपुरताच. 2021 च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकला अदिती अशोक चौथी आली, त्या सकाळी कितीतरी घरांत पहिल्यांदा बर्डी, बोगी हे शब्द ऐकू आले. त्याच ऑलिंपिकला पुण्याचा उदयन मानेही खेळला होता. खेळाचे नियम, कोणता क्लब कधी वापरायचा, बॅकस्पिन म्हणजे नेमकं काय होतं, हे सगळं मला मात्र या गेमने शिकवलं. आता गोल्फचा सामना लागला की मी बसून पाहतो आणि मला कळतो.

आता मुद्द्यावर येतो. या खेळात जिंकायला दोन गोष्टी लागतात: क्लबची ताकद आणि वाऱ्याचा हिशोब. पैशाने पहिली लवकर मिळते. दुसरी कुठल्याही किमतीला मिळत नाही, आणि सुरुवातीचे बहुतेक सामने दुसरीवरच ठरतात.

वाऱ्याचं बघा. पडद्यावर बाण आणि आकडा दिसतो. बॉल जिथे टाकायचा तिथे एक लक्ष्य असतं, त्याभोवती एकात एक वर्तुळं. बाण वारा कुठे ढकलणार ते दाखवतो, म्हणून लक्ष्य त्याच्या उलट दिशेला, वाऱ्याच्या जोराच्या हिशोबाने काही वर्तुळं सरकवायचं. एक वर्तुळ किती वारा खातं हे क्लबच्या अचूकतेवर ठरतं. अचूकता जास्त असेल तर वर्तुळं जवळजवळ असतात आणि प्रत्येक वर्तुळ कमी वारा खातं. समजा, तुमच्या लाँग आयर्न या क्लबचं एक वर्तुळ दोन वारा खातंय आणि वारा आठ आहे, तर चार वर्तुळं सरकवा. हे झालं पूर्ण ताकदीच्या फटक्याचं. त्याच क्लबने जवळ मारायचं असेल तर हिशोब कमी करावा लागतो. वेजने उंच मारलेल्या बॉलचं गणित आणखी वेगळं. लक्ष्य उताराच्या ग्रीनवर (होलभोवतीच्या गवतावर) असेल तर त्यात बॉलच्या उड्या आणि घरंगळणं मिळवा. मी माझ्या प्रत्येक क्लबचा हा आकडा वहीच्या एका पानावर लिहून ठेवला आणि क्लबची लेव्हल वाढली की तो बदलत गेलो. ते पान तयार झाल्यापासून माझ्या खेळात जो फरक पडला तो नंतर पैसे भरूनही पडला नाही.

ही तालीम फुकट करता येते. मित्राबरोबर खेळलेल्या सामन्याला नाणी लागत नाहीत. क्लॅनमधल्या एका काकांनी मला एकाच होलवर पुन्हा पुन्हा बोलावून वारा शिकवला. ते नागपूरचे, मी ठाण्याचा, आमची प्रत्यक्ष भेट अजून झालेली नाही. "अहो, काट्याकडे नंतर बघा, आधी वर्तुळं मोजा," हे त्यांचं वाक्य मी आता नव्यांना ऐकवतो.

काटाही पैशाने थांबत नाही. वरच्या टूरना तो अधिक वेगाने झुलतो, तिथे हात आणि डोळा बसायला वेळच द्यावा लागतो. म्हणून पहिल्या काही महिन्यांत पैसे भरू नका, असं मी स्पष्ट सांगतो. त्या काळात हरण्याचं कारण क्लब आहे की वारा, हेच आपल्याला नीट ओळखता येत नाही. कारण कळल्याशिवाय औषधावर खर्च कशाला?

क्लब कार्डांनी मिळतात. साधे, रेअर आणि एपिक असे तीन दर्जे. एकाच क्लबची पुरेशी कार्डं जमली आणि त्यासाठीची नाणी असली की लेव्हल वाढते. ड्रायव्हरपासून सँड वेजपर्यंत सात प्रकार आहेत आणि प्रत्येकात अनेक क्लब. कार्डं येतात चेस्टमधून, म्हणजे बंद पेटीतून. सामना जिंकला की चेस्ट मिळते, चार जागा असतात आणि एका वेळी एकच उघडायला लावता येते, काही तासांनी ती उघडते. वेळ वाचवायचा तर जेम्स (गेममधली रत्नं) मोजायचे, आणि जेम्स विकत घ्यायचे म्हणजे रुपये. चेस्टसाठी थांबवत नसेल तर दुकान उघडं आहे, ही या खेळाची मूळ रचना आहे. ती समजून घेतली की तिचा राग येत नाही, फक्त आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

दुकानातली चेस्ट मी कधीच घेत नाही आणि कुणाला घ्याही म्हणणार नाही. तिच्यात काय निघेल ते आधी माहीत नसतं. तुम्हाला अपॉकॅलिप्स ड्रायव्हर हवा असतो आणि हातात येतात अशा क्लबची कार्डं जो तुम्ही कधी बॅगेत ठेवणारच नाही. अशा बंद पेट्यांची शक्यता जाहीर करायला ॲपलने 2017 च्या डिसेंबरपासून ॲप्सना भाग पाडलं, गूगलने 2019 मध्ये. बेल्जियमच्या जुगार आयोगाने तर 2018 मध्ये पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात असं ठरवलं. शक्यतेचे आकडे तिथेच कुठेतरी दाबून पाहता येतात. पैसे भरायचेच असतील तर निदान ते आधी वाचा. एपिक कार्डाचा आकडा पाहिला की बोट बहुतेक वेळा आपोआप मागे येतं.

जेम्सबद्दल आणखी एक. दुकानात किंमत जेम्समध्ये दिसते, त्यामुळे रुपये डोळ्यासमोर राहत नाहीत. मी जेम्सचं जे पाकीट मिळतंय त्यावरून एका जेमला किती पैसे पडतात ते काढतो आणि वस्तूची किंमत रुपयांत बघतो. एक चेस्ट घरातल्या दोन वेळच्या भाजीएवढी पडते हे समोर आलं की निर्णय घ्यायला वेळ लागत नाही.

खास बॉलचा विषय नाजूक आहे, कारण खरा मोह तिथे आहे. वारा कमी लागणारा, जास्त लांब जाणारा, साइडस्पिन देणारा बॉल हातात असला की अवघड होल सोपं होतं. पण तो दिवाळीतल्या बाणासारखा, एकदा सुटला की संपला. क्लब कायम राहतो, बॉल एका होलपुरता. रोजच्या सामन्यात खास बॉल वापरायची सवय लागली की जिंकलेली नाणी आणि खर्च झालेला बॉल यांचा मेळ बसत नाही, आणि साध्या बॉलने खेळायचा हात जातो. चेस्टमधून आणि स्पर्धांतून जे बॉल फुकट मिळतात ते मी आठवड्याच्या स्पर्धेच्या शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवतो. तिथे एकेक फटका मोलाचा असतो आणि चांगला बॉल वापरल्याचं खरंच समाधान मिळतं. जोराच्या आडव्या वाऱ्यात, पाण्याच्या कडेवरच्या ग्रीनवर बॉल टाकून तो बॅकस्पिनने मागे येत होलमध्ये पडतो, तेव्हा होणारा आनंद शंभर टक्के खरा असतो.

आता मी पैसे कशावर भरले ते. सीझनच्या पासवर, म्हणजे त्या सीझनमध्ये खेळत पायरीपायरीने बक्षिसं मिळवून देणाऱ्या पासवर. कारण साधं आहे: काय मिळणार त्याची यादी आधी समोर असते, मिळवायला खेळावं लागतं, आणि किंमत सुरुवातीलाच कळते. मी महिन्याला गेमसाठी तीनशे रुपयांची मर्यादा ठरवली आहे. त्यात पास बसत असेल तर घ्यायचा, नाही तर पुढचा सीझन. मर्यादा पाळायला सोपं जावं म्हणून गूगल प्लेमध्ये तेवढीच रक्कम आधी भरतो आणि खरेदीला बँकेचं कार्ड जोडून ठेवत नाही. पासमुळे कार्डं वेगाने जमली, काही क्लबच्या लेव्हल लवकर वाढल्या, पाहिजे ते बॉल मिळाले. खेळ अधिक मोकळा वाटला. पैसे वसूल झाले असं मी म्हणेन, पण फक्त कारण मी त्या महिन्यांत रोज खेळत होतो. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याने पास घेऊ नये, अर्ध्या पायऱ्या तशाच राहतील.

पास घेण्याआधी एक तपासा: तुमच्याकडे नक्की काय कमी आहे? अनेकांना वाटतं कार्डं कमी आहेत. बहुतेकदा कार्डं पडून असतात आणि लेव्हल वाढवायला नाणी नसतात. नाणी संपतात ती टूर चुकल्यामुळे. मोठ्या टूरची फी परवडत नसताना तिथे चार सामने हरले की खजिना रिकामा होतो, आणि नेमक्या त्या क्षणी ऑफर समोर येते. माझा नियम असा की ज्या टूरची फी माझ्या नाण्यांच्या दहाव्या भागापेक्षा जास्त आहे तिथे जायचं नाही. शिवाय वरची टूर घाईने उघडू नका. साप्ताहिक स्पर्धेत तुम्ही कोणत्या गटात पडता ते त्यावर ठरतं, आणि कच्चे क्लब घेऊन एक्सपर्ट गटात गेलात तर पास घेऊनही मार खाल. खालच्या टूरवर थोडं रेंगाळणं हा या खेळातला सर्वात स्वस्त फायदा आहे.

प्रवासात खेळणाऱ्यांसाठी: सामना चालू असताना नेटवर्क गेलं तर वेळ संपते आणि फटका हातचा जातो. पुणे-मुंबई प्रवासात खंडाळ्याच्या घाटातल्या बोगद्यांच्या आसपास मोठ्या फीचा सामना सुरू करू नका, खास बॉल तर मुळीच वापरू नका.

घेतलेलं किती दिवस आपलं राहणार, हाही विचार हवा. 2021 मध्ये ईए या अमेरिकी कंपनीने प्लेडेमिक 1.4 अब्ज डॉलरला विकत घेतली. मोठी कंपनी मागे असली म्हणजे खेळ कायम चालेलच असं नाही. ईएचाच एपेक्स लेजेंड्स मोबाइल 2022 मध्ये ॲपलचा आयफोनवरचा वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला आणि 1 मे 2023 ला बंद झाला. आपल्याकडे सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा स्किन्सवर (पात्रांच्या सजावटीवर) खर्च केलेल्या पोरांची तगमग आपण जवळून पाहिली. म्हणून क्लबवर घातलेले पैसे ही गुंतवणूक समजू नका. त्या महिन्यात मिळालेल्या खेळाची ती किंमत आहे, आणि तेवढी ती वाटत असेल तरच द्या.

आणखी एक गैरसमज क्लॅनमध्ये वारंवार येतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायचे रमी, फँटसी क्रिकेट बंद झाले, मग हेही बंद होणार का? तो कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांसाठी आहे. इथली नाणी बाहेर काढून रुपये होत नाहीत. पैसा एकाच दिशेने जातो, आपल्याकडून दुकानाकडे. म्हणूनच "जिंकून वसूल करू" हा विचार इथे लागूच होत नाही.

घरात मुलं तुमच्या फोनवर खेळत असतील तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याचा पर्याय आजच चालू करा. चुकून खरेदी झालीच तर 48 तासांच्या आत गूगल प्लेकडे परताव्याची विनंती करा, उशीर झाला की प्रकरण गेम बनवणाऱ्याकडे जातं.

माझं चालू सीझनचं सांगायचं तर पास घेतलेला नाही. माझ्या तिन्ही मुख्य क्लबची कार्डं पूर्ण जमली आहेत, अडलंय ते नाण्यांवर. म्हणून दोन टूर खाली उतरलोय आणि साध्या बॉलने सामने खेळतोय. ड्रायव्हरची लेव्हल वाढली की पुढच्या सीझनला पासकडे पुन्हा बघेन.