बारा तारी इलेक्ट्रिक गिटार, आठ महिन्यांनंतर: तारा, नट आणि बारा सॅडलचा ब्रिज

गिटार सॉलिड बॉडी (भरीव लाकडाची), स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६४८ मिमी, मूळ ब्रिज (गिटारची घोडी) सहा सॅडलचा; सॅडल म्हणजे तारेखालचा सरकणारा छोटा टेकू. जुलैत सांगलीत आली, ऑक्टोबरात नट (डोक्याकडची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) दुरुस्त झाला, नोव्हेंबरात बारा सॅडलचा ब्रिज बसला. आता मार्च संपत आलाय. एवढ्या काळात चार वेळा तारांचा पूर्ण संच बदलून झाला, म्हणून हे लिहितोय. विकत घेताना सगळे आवाजाबद्दल सांगतात, तारा आणि सुराच्या कामाबद्दल कुणी बोलत नाही.

संच १०-४६ चा. बारा तारा दोन-दोनच्या सहा जोड्यांत असतात; पहिल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा सारख्या, बाकीच्यांत दुसरी तार बारीक आणि एक सप्तक वरची. जोड्या अशा: १०-१०, १३-१३, १७-८, २६-१२, ३६-१८, ४६-२६. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले. ८ म्हणजे ०.२० मिमी, ४६ म्हणजे १.१७ मिमी. सुरात लावल्यावर सगळ्या तारांचा मिळून ताण ९० किलोच्या पुढे जातो, सहा तारीच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून बाराही तारा एकदम काढू नका. मान ताण सुटल्यावर हलते, ब्रिज खांबांवरून सुटतो, आणि आधीचं सगळं सेटिंग हातचं जातं. एक जोडी काढा, लावा, सुरात आणा, मग पुढची. काढण्याआधी नटचा फोटो घ्या. बहुतेक बारा तारींवर वरून खाली येणाऱ्या स्ट्रोकला बारीक तार आधी लागते, रिकनबॅकर कंपनीच्या गिटारवर जाड आधी. क्रम चुकला तर तार चुकीच्या मापाच्या खाचेत बसते.

वेढ्यांचा हिशेब सोपा आहे. पोस्ट (खुंटीचा तार गुंडाळायचा दांडा) ६ मिमी जाड असेल तर एक वेढा साधारण १९ मिमी तार खातो. साध्या (गुंडाळी नसलेल्या) तारेला तीन-चार वेढे, म्हणजे ६ ते ७ सेंमी ढील. गुंडाळीच्या जाड तारेला दोन-अडीच पुरे. बारा तारीच्या डोक्यावर खुंट्या दाटीवाटीने असतात, त्यामुळे टोक २ मिमीवर कापा, नाहीतर ते शेजारच्या खुंटीत अडकतं आणि बोटालाही लागतं. नंतर बाराव्या फ्रेटवर (पडद्यावर) तार हलकेच उचलून ताणा, पुन्हा सुरात आणा. सूर उतरायचा थांबेपर्यंत, साधारण तीन-चार वेळा.

आता ८ ची तार. तिसऱ्या जोडीतली ही वरच्या सप्तकातली जी (जी, ई ही पाश्चात्त्य सुरांची नावं). सगळ्यात जास्त तुटणारी. दुकानात सल्ला मिळतो की ९ ची लावा, तुटणार नाही. हा सल्ला चुकीचा आहे. तार कोणत्या सुराला तुटेल हे मुख्यतः तिच्या लांबीवर आणि पोलादाच्या ताकदीवर ठरतं, जाडीवर जवळजवळ नाही. जाड तारेला तोच सूर गाठायला ताणही त्याच प्रमाणात जास्त लागतो. ही जी ३९२ हर्ट्झची, पहिल्या जोडीतली ई ३३० ची. त्यामुळे जीच्या धातूवरचा भार ईपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त. एवढ्या भाराला बारीकशी धारही पुरते. तुटलेला तुकडा टाकू नका, कुठे तुटली ते बघा. सॅडलवर तुटली तर सॅडलची कड टोचतेय: १००० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक सुरळी खाचेतून तारेच्या दिशेने पाच-सहा वेळा फिरवा. नटजवळ तुटली तर खाच तार धरून ठेवतेय: पेन्सिलीचं शिसं घाला, तरी धरलं तर खाच रुंद करा. पोस्टपाशी तुटली तर लावताना तारेला मुरड पडली होती. हे तिन्ही पाहिल्यापासून ८ ची तार संच बदलेपर्यंत टिकते. तरी दोन-तीन सुट्या ठेवा, ऐन वेळी सांगलीत मिळेलच असं नाही.

इंटोनेशनआधी (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येईल अशी सॅडलची जागा ठरवण्याआधी) नट, हे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावावं असं आहे. पहिले तीन महिने ई मेजर कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) सुरात आणि एफ मेजर बेसूर, अशी अवस्था होती, आणि दोष सहा सॅडलच्या ब्रिजला दिला जात होता. खरं कारण, नटच्या खाचा उथळ होत्या. तार उंच राहिली की पहिल्या फ्रेटवर दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. जाड तारांना हे जास्त भोवतं. तपासणी अशी: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे तार दाबा, पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहा. साध्या छपाईच्या कागदाची जाडी, म्हणजे सुमारे ०.१ मिमी, यापेक्षा जास्त नको.

इथे मिरजेचा विषय निघणारच. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तारेखालची हाडाची कड तासणारे हात या जिल्ह्याइतके जवळ क्वचित कुठे असतील. पण कारागिराला आधी समजावून सांगा. जवारी काढताना तार घोडीच्या माथ्यावर थोड्या लांबीत घासत राहील असा गोलावा देतात, तोच तो भरलेला आवाज. गिटारच्या नटला नेमकं उलट हवं: खाच डोक्याकडे उतरती, तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरूनच सुटली पाहिजे. खाच सपाट राहिली तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते, आणि बारा तारांत ती कोणती हे शोधता शोधता संध्याकाळ जाते.

आणखी एक फरक. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला, सूर हलला तर पडदा सरकवता येतो. गिटारचा फ्रेट ठोकलेला, म्हणून तारेचं दुसरं टोक, सॅडल, सरकवावं लागतं. आणि एका सॅडलवर ४६ आणि २६ अशा दोन तारा असतील तर दोघींना हवी ती जागा एकच नसते. जाड तारेला सॅडल मागे हवं; ते तिच्या मापाने मागे नेलं की बारीक तार बाराव्या फ्रेटवर उतरते.

हिशेब असा: ६४८ मिमी स्केलवर सॅडल १ मिमी सरकवलं की बाराव्या फ्रेटचा सूर सुमारे २.७ सेंटने बदलतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर एका फेऱ्याला १.३ सेंट. सहा सॅडलवर जाड तारा शून्यावर आणल्या तेव्हा बारीक तारा ४-५ सेंट उतरलेल्या होत्या. पाचव्या जोडीत बाराव्या फ्रेटवर ५ सेंट म्हणजे सेकंदाला एकाहून थोडी जास्त लहर (आवाजाचा चढउतार). एकट्या जोडीत गोड लागते, पण कॉर्डमध्ये प्रत्येक जोडी वेगळ्या वेगाने हलते आणि आवाज गढूळ होतो. सहा सॅडलच ठेवायचे असतील तर जाड तार २ सेंट चढी, बारीक २ सेंट उतरती, असं वाटून घ्या.

बारा सॅडलची कल्पना नवी नाही; फेंडर कंपनीच्या १९६५ च्या इलेक्ट्रिक बारा तारीवर कारखान्यातूनच बारा सुटे सॅडल होते. ब्रिज घेण्याआधी खांबांमधलं अंतर मोजा. या गिटारवर ७४ मिमी आहे. बसवल्यावर क्रम हाच: नवा संच, मान (सातव्या फ्रेटपाशी ०.२ ते ०.२५ मिमी बाक), मग बाराव्या फ्रेटवर उंची (पहिल्या जोडीला १.५, सहावीला २ मिमी), शेवटी इंटोनेशन. जोडीतली दुसरी तार कापसाने दाबून ठेवा, गिटार वाजवायच्या स्थितीत धरा, बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर नटकडे. सरकवताना तार आधी ढिली करा, नाहीतर स्क्रूचं डोकं झिजतं. शेवटी तिसरा आणि पाचवा फ्रेटही तपासा, कॉर्ड तिथेच वाजतात. पहिल्यांदा याला तीन तास लागले, आता नवीन संचाला फक्त पडताळणी, वीस मिनिटं.

आता १७ ची सोडून बाकी सगळ्या तारा २ सेंटच्या आत आहेत. ती गुंडाळी नसलेली जाड तार, तिचं सॅडल स्क्रूच्या शेवटापर्यंत मागे गेलंय, तरी ३ सेंट चढी. पुढच्या वेळी तिथे गुंडाळीची १८ लावून पाहणार.

तक्रारी दोनच. सॅडल एकमेकांना खेटलेले आहेत, एक फिरवताना शेजारचा किंचित हलतो. आणि कंपनाने स्क्रू सैल होतात. आट्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब टाकल्यापासून जानेवारीनंतर एकही हललेला नाही. पावसाळ्यात साध्या तारा सहा आठवड्यांत काळवंडल्या, हिवाळ्यात तोच संच दहा आठवडे गेला.